सर्वांचा खेळ आणि आपला अर्ज

शालान्त परीक्षा जवळ येऊ लागली की पुढील प्रवेशाची चिंता विद्यार्थ्यांपेक्षा पालकांसच अधिक पडते. गुण तर पुष्कळांचे सारखेच. मग आपल्या मुलाचा अर्ज उठून दिसावा कसा? आमचे एक वडीलधारे आप्त आम्हांस म्हणाले, "क्रिकेट काय, गल्लीतले पोरही खेळते! ते सोड आणि तलवारबाजी शीक. थोड्यांचा खेळ असला की नाव चटकन नजरेत भरते."

हा उपदेश सर्वस्वी निराधार नाही. स्पर्धक थोडे असले म्हणजे पदक मिळण्याचा संभव वाढतो, हे कोणीही कबूल करील. परंतु केवळ अर्जासाठी धरलेला खेळ अर्ज गेल्यावर किती दिवस टिकेल?

सेसिल ऱ्होड्स हे १९०२ साली निवर्तले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार ऑक्सफर्ड येथे जगप्रसिद्ध शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. उमेदवार निव्वळ पुस्तकी नसावा म्हणून त्यांनी मैदानी खेळांची आवड हा एक निकष ठेविला, आणि उदाहरणादाखल नावे दिली ती क्रिकेट व फुटबॉल यांची! इंग्लंडात याहून सामान्य खेळ तो कोणता? मात्र सत्यप्रीती, धैर्य आणि दुर्बलांविषयी सहानुभूती हे गुणही त्यांनी मागितले होते. खेळाच्या नवलाईपेक्षा खेळणाऱ्याचा स्वभाव त्यांस पाहावयाचा होता, हे उघड आहे.

आपल्याकडील पाळवणकर बाळू यांचेच पाहा. अस्पृश्य मानलेल्या समाजात जन्मलेला हा पुरुष पुण्यास गोऱ्यांच्या क्रीडांगणाची निगा राखता राखता त्यांस सरावासाठी चेंडू टाकीत असे. १९११ साली हिंदी संघाबरोबर ते इंग्लंडात गेले व त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. खेळ सर्वांचाच होता. म्हणूनच त्यांची थोरवी कोणास नाकारता आली नाही.

आम्ही काही बाळू नव्हे. आमची फलंदाजी अकराव्या क्रमांकाची. तथापि तीन वर्षे संघाची धावपुस्तिका आम्हीच लिहितो आणि शनिवारी पाचवीच्या मुलांस झेल घेण्यास शिकवितो. अर्जात नुसता 'क्रिकेट' हा शब्द लिहिला तर तो शंभरांतील एक ठरेल, यात संशय नाही. पण ही दोन वाक्ये जोडली तर वाचणाऱ्यास एक विशिष्ट मुलगा दिसेल, असे आम्हांस वाटते. प्रवेश त्यानेच मिळेल, अशी हमी मात्र कोण देणार?

म्हणून पालकवर्गास आमची नम्र विनंती अशी की, मुलाचा खेळ सामान्य आहे एवढ्यासाठी तो सोडवू नये. त्या खेळात तो काय करतो, हे एकदा मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे. आणि विद्यार्थिमित्रहो, ज्यास मनापासून तलवारबाजी आवडत असेल त्याने ती अवश्य शिकावी. पण आवडली म्हणून.