कलमांच्या मधली जागा

पिंपरीहून नाशिक रस्त्याने निघालो. मोशी गेली, इंद्रायणीचा पूल मागे पडला, तरी कारखान्यांची कुंपणे काही संपेनात. चाकणच्या पुढे आडवाटेला आत्याचे एकरभर रान. दहा-दहा मीटरवर आंब्याची चाळीस कलमे, तिसऱ्या वर्षातली. आलेला मोहोरही अजून खुडूनच टाकायचा! फळबाग लागवडीची योजना १९९० साली रोजगार हमीला जोडली गेली, रोप-खड्ड्याची सोय झाली. पण फळ येईपर्यंतची भाकरी ज्याची त्यानेच शोधायची.

आत्याने ती ओळींच्या मध्ये शोधली आहे. मेथी, कोथिंबीर, कांदा, चवळी. चवळीच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. खोडाभोवतीचे आळे मात्र मोकळे, आणि मका-ऊस मुळीच नाही. सावलीने कलम खुरटते.

"भाजी खुरपली की झाडाचंबी तण निघतं," आत्या म्हणाली.

शेजारची दोन राने विकली गेली, तिथे आता तारेचे कुंपण आहे. गेल्या महिन्यात दलाल हिच्याकडेही आला होता. आत्याने त्याला चहा पाजला, मेथीच्या दोन जुड्या दिल्या आणि वाटेला लावले.