एकटं मेंढरू

गेल्या काही वर्षांत इंग्रजीतला एस माझ्या कानांतून निसटायला लागला. कानाच्या डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला आणि समजावलं की वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, फ, थ हे त्याच पट्टीतले. माणसांचं बोलणं ऐकू येतं, शब्दाच्या टोकाचा स् तेवढा विरतो. दुसऱ्या कुणाचं यात काही अडलं नसतं. माझं अडतं, कारण मराठी शाळेतल्या लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली आणि त्यातली सगळी झुंज त्या एका स् शी होती.

प्राण्यांच्या आधारानं इंग्रजी शिकवण्यातला सोपा भाग सोपाच असतो. नावं, रंग, शेपट्या, आवाज, कोण कुठे राहतं, कोण काय खातं, हे मुलं आठवड्याभरात घेतात. कोंबडी, म्हैस, बैल घरचेच असल्यामुळे नव्या शब्दाला बसायला जागा तयार असते. 'ही, शी, इट'चा घोळही उलगडतो. तो बैल, ती गाय, ते वासरू असं वाटून दिलेलं लिंग सोडून सगळ्यांना 'इट' म्हणायचं हे मुलांना पहिल्यांदा विचित्र वाटतं, मग अंगवळणी पडतं. जे अंगवळणी पडत नाही ते 'काऊ ईट्स' आणि 'काऊज ईट'. पहिलीत पडत नाही, चौथीत पडत नाही, आणि पदवीधर माणसाच्या अर्जातही पडलेलं दिसत नाही.

आपलं मूल इथे चुकतं ते डोकं चालवून चुकतं. गाय चरते, गाई चरतात. मराठीत अनेकवचन झालं की बहुधा नाम बदलतं आणि क्रियापदही बदलतं. दोघं एकमेकांना धरून चालतात. या भरवशावर मूल 'काऊज ईट्स' म्हणतं. इकडे एस आला, मग तिकडेही यायला हवा. त्याच्या घरच्या व्याकरणानं हे बरोबर आहे. इंग्रजीनं मात्र एकच अक्षर दोन उलट कामांना लावलं आहे: नामाला लागलं की अनेक, क्रियापदाला लागलं की एक. आपण फळ्यावर लिहितो, 'कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर क्रियापदाला एस लावा.' मुलं ते घोकतात, परीक्षेत गाळलेली जागा भरतात, आणि मैदानावर जाऊन 'डॉग रन' म्हणतात. त्या नियमानं एकाही मुलाचं तोंड बदललेलं मी पाहिलं नाही.

इंग्रजी मायबोली असलेल्या पोरांनाही हा एस उशिराच येतो, हे वाचलं तेव्हा मला धीर आला होता. रॉजर ब्राउन यांनी तीन अमेरिकन मुलांचं बोलणं नोंदवून १९७३ साली पुस्तक लिहिलं. त्यांनी तपासलेल्या चौदा बारकाव्यांत अनेकवचनाचा एस चौथा येतो आणि क्रियापदाचा दहावा. त्याच्याही आधी, १९५८ साली, जीन बर्को यांनी 'वग' नावाचा, जगात नसलेला पक्ष्यासारखा प्राणी काढून मुलांना दाखवला. दोन झाले तर काय म्हणाल, असं विचारल्यावर मुलांनी न ऐकलेल्या शब्दाला बरोबर एस लावला. माझ्या मुलांकडूनही मी तसे प्राणी काढून घेतले आहेत. अनेकवचनाला ती तशीच खुलतात. 'कॅट्स'मध्ये स, 'डॉग्ज'मध्ये 'जाळं'मधला ज आणि 'हॉर्सेस'मध्ये मध्ये इवलासा इ, हे तिन्ही आवाज आपल्या मुलांच्या तोंडात आधीपासून आहेत. 'जाळं' म्हणायला लावायचं, त्यातला ज धरायचा आणि 'डॉग'च्या शेवटी ठेवायचा. हे मी किती नव्या शिक्षकांना सांगितलं असेल. क्रियापदाशी आलं की मात्र सगळी युक्ती थिजते.

जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून प्राण्यांचे तक्ते, मुखवटे, बोटावरच्या बाहुल्या यांना ऊत आला आणि त्यात मी आघाडीवर होते. खरं सांगते, मला ते आवडायचं. शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनात माझ्या टेबलापाशी साहेब थांबले, फोटो निघाला की पुढचा महिनाभर माझी चाल वेगळी असायची. केंद्रातली दुसरी बाई जिराफ घेऊन आली की मी गेंडा करायचे. मुलांना गेंड्याचा काय उपयोग, हे मी स्वतःला विचारत नसे; टेबल सर्वांत भरगच्च दिसलं पाहिजे, एवढंच डोक्यात असे. ती हौस अजूनही पूर्ण गेलेली नाही. हा लेखसुद्धा कुणी केंद्रप्रमुख वाचतील का, असा विचार लिहिताना एकदा मनात येऊन गेलाच.

जवळच्या खासगी इंग्रजी शाळा आता यात आमच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्याकडे पेंग्विन आहे, ध्रुवावरचं अस्वल आहे, पडद्यावर नाचणारा झेब्रा आहे. पालकांना ते फार भावतं. मुलं शंभर प्राण्यांची नावं धडाधड म्हणतात, पण त्यातला एकही प्राणी काही करत नाही. नावांची ही रास म्हणजे भाषा नव्हे, हे मी ठामपणे म्हणते. जगभर वर्गांतून वाचली जाणारी प्राण्यांची पुस्तकंही माझ्या या अडचणीत कामी येत नाहीत. बिल मार्टिन आणि एरिक कार्ल यांचं १९६७ सालचं तपकिरी अस्वलाचं पुस्तक अप्रतिम आहे, मी ते झिजेपर्यंत वापरलं. पण त्यात बोलणारे सगळे 'मी', 'तू' आणि 'आम्ही' असल्यानं क्रियापदाला एस लागायची वेळच येत नाही. कार्ल यांचा १९६९ सालचा खादाड सुरवंट भूतकाळात खातो, तिथेही एस नाही. मुलं ही पुस्तकं तोंडपाठ म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो, आणि एस जिथल्या तिथे.

गाइडवाल्यांचं तर काय सांगावं. अनेकवचनाच्या पानावर शेवटी 'अपवाद' अशी चौकट असते: माऊस-माइस, गूज-गीज, ऑक्स-ऑक्सन, शीप-शीप, डीअर-डीअर. मुलं ती पाढ्यासारखी म्हणतात. मीही ती चौकट सगळ्यात शेवटी, परीक्षेच्या तोंडावर उरकत आले.

कान गेल्यावर मला रीत बदलावी लागली. मुलानं 'ईट' म्हटलं की 'ईट्स' हे दुसऱ्या ओळीपलीकडून मला कळेना. ओठ बघून काही समजत नाही, कारण एस ओठांवर उमटतच नाही. मग मी ठरवलं की कानानं तपासायचं नाही, मुलांच्या हातांकडे बघायचं. बेंदराला आमच्याकडे घरोघर मातीचे बैल होतात. उरलेल्या मातीचे प्राणी मुलांकडून करून घेतले आणि बाकांमधल्या जागेत चादर अंथरून त्यावर मांडले. एका बाजूला प्रत्येक प्राणी एकेकटा, दुसऱ्या बाजूला त्याचाच कळप. एकानं वाक्य म्हणायचं, दुसऱ्यानं त्या वाक्यातला प्राणी उचलायचा: एकटा, की कळपाची पाटी. मी फक्त हात बघायचे.

गाई, कोंबड्या, कुत्री मांडली तेव्हा खेळ रंगला, पण मला हवं ते झालं नाही. मुलं नामाचा एस ऐकून उचलत होती. 'डॉग्ज' ऐकलं की कळप, पुढचं क्रियापद ऐकायची गरजच कुणाला नव्हती. भाषा बोलणाऱ्यालाही ती नसतेच, आणि म्हणून तो एस मनात रुजत नाही.

त्या वर्षी तिसरीत एका धनगराचा मुलगा बसला होता. आमचा भाग माणदेशातला. माणदेशी धनगरवाडी आणि तिथला तरुण मास्तर व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ च्या 'बनगरवाडी'त मराठी वाचकांच्या ओळखीचे केले. आमच्या धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तांडे, आजही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णा-वारणेच्या काठाला उतरतात, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. या मुलानं बैल केला नव्हता. त्यानं मेंढरं केली होती, भरपूर, आणि प्रत्येकाचं नाक माडग्याळच्या मेंढरासारखं फुगीर काढलं होतं. ती चादरीवर आली आणि मी नेहमीच्या सुरात म्हणाले, "द शीप ईट्स ग्रास."

मुलं गोंधळली. 'शीप'ला एस नव्हता, म्हणजे एकच? पण मेंढरं एकाला काय आणि शंभराला काय, शीपच, हे त्यांना चौकटीतून माहीत होतं. नाम मुकं झालं होतं. या मुलानं हात घालून एकटं मेंढरू उचललं. मी म्हणाले, "द शीप ईट ग्रास." त्यानं कळपाची पाटी उचलली. मी क्रियापदं बदलली, वेग वाढवला, वाक्यं उलटसुलट केली. तो चुकला नाही. कसं ओळखलंस, म्हणून विचारलं.

"बाई, येकटं असलं की वरडतंय. कळपात असलं की गप ऱ्हातंय."

कळपातून फुटलेलं मेंढरू ओरडतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. 'ईट्स'च्या टोकाचा तो आवाज त्यानं एकट्या मेंढराचा मानला होता. माझ्या इतक्या वर्षांच्या फळ्यावर एवढं नेमकं वाक्य उमटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गातली बाकीची मुलं हेच सूत्र धरून खेळायला लागली आणि क्रियापदाचा एस पहिल्यांदा त्यांच्या लेखी काहीतरी सांगणारा झाला.

नंतर वाचनात आलं की याच वाटेनं अभ्यासकही गेले आहेत. व्हॅलरी जॉन्सन, जिल डी व्हिलियर्स आणि हॅरी सेमूर यांनी २००५ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना वाक्यं ऐकवून एकट्याचं की अनेकांचं चित्र दाखवायला सांगितलं. क्रियापदं मुद्दाम स नं सुरू होणारी घेतली, म्हणजे नामाच्या टोकाचा एस त्यात मिसळून जावा आणि खूण फक्त क्रियापदावर उरावी. तीन-चार वर्षांच्या मुलांना ती खूण उमगली नाही. पाच-सहाच्या वयात उमगू लागली. ज्यांची ती मायबोली, त्यांचीही जीभ एस आधी लावते आणि अर्थ मागाहून कळतो. आपण मात्र पहिल्या चाचणीत गुण कापून मोकळे होतो.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. क्रियापदाचा एस मी आता शीप, डीअर आणि फिश या तिघांवरच सुरू करते. गाय, कुत्रा, घोडा नंतर. वाक्यात 'ए' येऊ देत नाही, कारण 'ए शीप' म्हटलं की मोजणी तिथेच उघडी पडते. 'धिस' आणि 'दीज'ही तसेच फितूर. फक्त 'द'. क्रियापदापाठोपाठ स नं सुरू होणारा शब्द येऊ देत नाही, नाहीतर दोन स एकमेकांत बुडतात. माझा स् मला ऐकू येत नसला तरी जिभेच्या टोकाला कळतो, तेवढं पुरतं. मूल बोलतं तेव्हा ऐकणाऱ्या मुलाचा हात मला सांगतो. हात चुकला की भांडण बोलणाऱ्यात आणि उचलणाऱ्यात लागतं, आणि त्या भांडणात होणारं व्याकरण माझ्या दुरुस्तीनं कधी झालं नव्हतं.

अडचण संपली असं मी म्हणणार नाही. 'डज द शीप ईट?' आलं की एस उडी मारून पुढे जातो आणि मुलं 'डज द शीप ईट्स' म्हणतात. दोनदा ओरडलं तर काय बिघडलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर असतं. 'कॅन' आलं की एस गायबच. निबंध लिहायला बसली की 'काऊ गिव मिल्क' परत येतं. यावर मला अजून काही सुचलेलं नाही आणि निवृत्ती जवळ आली आहे. पण एक निकाल मी छातीठोकपणे देते: ज्याला आपण अपवाद म्हणून शेवटच्या चौकटीत ढकललं, तिथूनच हा नियम शिकवायला हवा. बाकीच्या प्राण्यांत नाम आधीच सगळं सांगून टाकतं. मेंढरात ते गप्प बसतं, म्हणून क्रियापद ऐकावं लागतं.

तो मुलगा दिवाळीनंतर वाड्याबरोबर गेला. शिक्षण हमी कार्ड मी त्याच्या आजीच्या हातात दिलं आणि वाटेत जी शाळा लागेल तिथे दाखवा म्हणून सांगितलं. ते किती ठिकाणी दाखवलं गेलं आणि किती ठिकाणी पाहिलं गेलं, याचा भरवसा देता येत नाही. म्हणून कृष्णाकाठच्या, वारणाकाठच्या माझ्या शिक्षक भावाबहिणींना विनंती आहे. हंगामात एखादं असं पोर शाळेच्या दाराशी आलं, तर महिनाभरासाठी आलंय म्हणून मागच्या बाकावर बसवू नका. त्याचं कार्ड पाहा, हजेरीत नाव घ्या, आणि इंग्रजीच्या तासाला आधी मेंढरांबद्दल विचारा. तुमच्या वर्गाला पुढची दोन वर्षं जे जमणार नाही, ते त्याला बहुधा आधीच माहीत असेल.