बाणाचा टप्पा

आपल्या भाषेंत अंतर सांगण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेक अदमासाचे. शेजारचें गांव हाकेच्या अंतरावर असतें, विहीर चार पावलांवर असते, सूर्य कासराभर वर येतो. रोजच्या व्यवहाराला एवढें पुरतें. अदमास चुकला तर थोडें अधिक चालावें लागतें, इतकेंच. परंतु याच भाषेंत ‘टप्पा’ असाही एक शब्द आहे. सावज टप्प्यांत आलें कीं नाहीं, हें ठरवितांना झालेली चूक चालून भरून काढतां येत नाहीं. ती दुसऱ्या जिवाला भोगावी लागते.

हा विचार मनांत येण्यास आमच्या पुतण्याचें पत्र कारण झालें. तो अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांत नोकरीस आहे. तेथील शेजाऱ्यांच्या संगतीनें त्याला धनुर्विद्येचा नाद लागला. सप्टेंबरच्या मध्यास बाणानें हरिण मारण्याचा हंगाम तेथें सुरू होतो. त्याकरितां रेंजफाइंडर, म्हणजे अंतर सांगणारी दुर्बीण, कोणती घ्यावी, असें त्यानें विचारलें होतें. आम्हीं तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें, म्हणून हा प्रश्न काकांच्या वांट्यास आला. पत्र माजघरांत वाचून दाखवितांच वहिनी, म्हणजे मुलाच्या मातोश्री, म्हणाल्या, “भावोजी, त्याला लिहा, दुर्बीण घेऊं नको आणि धनुष्यही ठेवून दे.”

वहिनींचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. घरांत मांसाहार नाहीं, हें तर झालेंच. पण आमचें कामरगांव कारंजा तालुक्यांत आहे, आणि त्याच तालुक्यांत सोहोळचें काळविटांचें अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाला पहिल्या अनुसूचींत जागा दिली आहे. कळप पिकांत उतरला तरी येथील शेतकरी त्याला हुसकून लावतो. त्याच्यावर बाण सोडण्याची मुभा त्याला नाहीं. अशा मुलखांत वाढलेल्या मुलानें हरणावर नेम धरावा, हें आईला कसें रुचावें? परंतु विस्कॉन्सिनमध्यें परवाना काढून केलेली ही शिकार कायदेशीर आहे, आणि मुलगा एकतीस वर्षांचा आहे. आज्ञा करण्याचे दिवस गेले. विचारलेल्या प्रश्नाचें खरें उत्तर देणें आमच्या हातीं उरलें होतें, तेवढें आम्हीं केलें.

हें यंत्र लेसर किरणांचा क्षणिक झोत सोडतें, आणि तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतें. प्रकाश सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर धांवतो. म्हणजे पन्नास मीटर जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा तीस लाखावा भाग पुरतो. एवढी सूक्ष्म मोजणी कशासाठीं? सेकंदास ६० मीटर वेगानें जाणारा बाण घ्या. हरिण ४० मीटरांवर आहे असें समजून नेम धरला आणि तें ४५ मीटरांवर असलें, तर बाण सुमारें ३० सेंटिमीटर खालीं जातो. छातीवर धरलेला नेम पायाला लागतो, आणि तें जनावर लंगडत झाडींत जाऊन कित्येक तास तळमळत मरतें.

निवडीसंबंधीं आम्हीं त्याला असें लिहिलें. खोक्यावर हजार वारांचा पल्ला मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, त्याला भुलूं नये. धनुर्धाऱ्याचें काम पन्नास वारांच्या आंतलें, तेव्हां जवळचें अंतर बिनचूक दाखविणारें यंत्र पाहावें. शिकार पहाटे आणि तिन्हीसांजा होते. काळे आंकडे त्या वेळीं दिसत नाहींत, उजळणारे तांबडे आंकडे दिसतात. समोर गवत किंवा डहाळी असली तर किरण तिच्यावरूनच परततो, म्हणून मागच्या वस्तूचें अंतर निवडण्याची सोय असावी. डोंगरउतारावर सरळ रेषेनें ४० मीटर असलेलें सावज ३० अंशांनीं खालीं असेल, तर नेम सुमारें ३५ मीटरांचा धरावा लागतो. हा हिशेब करणारीं यंत्रें महाग मिळतात. सपाट रानांत सहा मीटर उंच मचाणावरून वीस मीटरांवर पाहतां फरक एक मीटरही पडत नाहीं. तेथें तो खर्च व्यर्थ होय.

यानंतर जें लिहिलें तें त्यानें विचारलें नव्हतें. बाण ४० मीटर जाण्यास सेकंदाचे दोन तृतीयांश घेतो; प्रत्यंचेचा आवाज मात्र सेकंदाच्या आठव्या भागांत हरणाच्या कानीं पोंचतो. म्हणजे आवाज ऐकून दचकून हलण्यास त्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक अवधि मिळतो. यावर कोणत्याही यंत्राचा इलाज नाहीं. दशरथाचा नेम अचूक होता; पाण्यांत घट बुडवणारा कोण, एवढें त्याला ठाऊक नव्हतें. तेव्हां दहापैकीं दहा बाण जेथून ठरल्या जागीं लागतात, तें आपलें अंतर आधीं शोधावें, आणि यंत्रानें त्याहून एक वार अधिक दाखविला तर धनुष्य खालीं करावें. हें यंत्र घ्यायचें तें मुख्यतः याचसाठीं. आपल्याकडील व्याघ्रप्रकल्पांत हरणांची गणना करणारे लोक ठरल्या रेषेवरून चालतांना कळपाचें अंतर याच साधनानें टिपतात, हेंही आम्हीं कळविलें.

पत्र पुरें होतांच वहिनींनीं तें पुन्हा वाचावयास लाविलें. मग म्हणाल्या, “माझें एक वाक्य घाला. पहिल्या वर्षीं नुसतें मोजून ये, म्हणावें.” आम्हीं तें त्यांच्याच शब्दांत घातलें.

महिन्याभरानें उत्तर आलें. त्यानें मध्यम किंमतीचें यंत्र घेतलें आहे. मचाणाभोंवतालचीं झाडें मोजून त्यांचा कच्चा नकाशा त्यानें सोबत पाठविला आहे: ओक १४ वार, ओढ्याचा कांठ २२, पडका बुंधा ३१. बावीस वारांवर तांबडी रेघ ओढून तिच्यापलीकडे आपण जाणार नाहीं, असें तो लिहितो. वहिनींनीं तो कागद देवघराच्या फडताळांत ठेवला आहे. रेघेच्या अलीकडे हरिण आलें तर बाण सुटेल कीं नाहीं, तें त्यानें लिहिलेलें नाहीं, आणि आम्हांपैकीं कोणीं अद्याप विचारलेलेंही नाहीं.