वाफसा

सोमवारी सकाळी इतर कोणी यायच्या आधी मी कॅनपाशी जाते. झाकण उचललं की पांढरी वाफ वर न जाता काठावरून खाली उतरते आणि पायांशी पसरते. आत उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन. मोजपट्टी आत उभी धरायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत दव गोठून पांढरं होतं तिथपर्यंत पातळी. आकडा वहीत लिहायचा, खाली सही करायची. मी भ्रूणतज्ज्ञ आहे, नाशिकच्या एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत. या कॅनमध्ये शेकडो जोडप्यांचे गर्भ थिजवून ठेवलेले आहेत, आणि त्यातला प्रत्येक कोणाचा, कुठल्या कॅनिस्टरमध्ये, कुठल्या रंगाच्या पट्टीवर, हे वहीत आणि संगणकात दोन्हीकडे आहे.

दोन वर्षांपूर्वी निफाडकडचं एक जोडपं आलं. द्राक्षबागायतदार. तिच्या फाइलचं वजनच अर्धा किलो असेल. आधीच्या केंद्रात थिजवलेले गर्भ गर्भाशयात सोडण्याचे दोन प्रयत्न, म्हणजे ट्रान्स्फर, फसले होते. गर्भाशयाचं अस्तर खरवडून झालं होतं, अस्तराचा तुकडा काढून जनुकीय तपासणीही झाली होती, स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या वेळी पाटल्या मोडल्या होत्या. आमच्या डॉक्टरांनी त्यांना अस्तराचं वेळापत्रक समजावून सांगितलं, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेला नवरा म्हणाला, "म्हणजे वाफसा यायला पाहिजे."

इतकी वर्षं मी हेच लांबलचक वाक्यांत सांगत होते. त्या दिवसापासून हाच शब्द वापरते. पाऊस पडला म्हणून लगेच पेरत नाहीत. चिखलात बी कुजतं, कोरड्यात उगवत नाही; मधली बेताची ओल म्हणजे वाफसा. थिजवलेल्या गर्भाच्या बाबतीत गोळ्यांनी अस्तर तयार करायचं असेल, तर आधी दहा-बारा दिवस इस्ट्रोजेन देतात. सोनोग्राफीत अस्तर सात मिलिमीटरच्या वर गेलं, त्यात तीन रेघा स्वच्छ दिसू लागल्या, की प्रोजेस्टेरॉन सुरू. तिथून घड्याळ चालू होतं. पाच दिवसांचा गर्भ म्हणजे ब्लास्टोसिस्ट सोडायचा असेल तर जमिनीलाही प्रोजेस्टेरॉनचे पाच पूर्ण दिवस मिळालेले हवेत. या पद्धतीत शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवत नाही, सगळं बाहेरून येतं. म्हणून लग्नघरात, प्रवासात एखादा डोस राहून गेला तर लाजून लपवू नका, फोन करा. ट्रान्स्फर पुढच्या महिन्यावर टाकता येतो. कॅनमधला गर्भ महिनाभराने म्हातारा होत नाही. उणे १९६ ला त्याच्यासाठी काळच थांबलेला असतो. पाळी नियमित असेल तर गोळ्यांशिवाय, स्वतःचं बीज फुटल्यावर मोजूनही ट्रान्स्फर करता येतो. त्यात पुढे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका कमी दिसतो. हा पर्याय डॉक्टरांना आवर्जून विचारावा.

आता माझ्या हातातलं काम.

गर्भ थिजवताना वैरी एकच, बर्फ. पेशीतल्या पाण्याचा स्फटिक झाला की त्याची टोकं पेशी फाडतात. म्हणून पेशीतलं पाणी बरंचसं काढून त्या जागी संरक्षक द्रावण भरायचं आणि इतक्या वेगाने थंड करायचं की स्फटिक बनायला सवडच मिळू नये. सगळं काचेसारखं थिजावं. ज्या पट्टीवर गर्भ ठेवतो ती अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद, आणि तिच्यावरचं द्रावण म्हणजे औषधाच्या एका थेंबाचे शेकडो भाग केले तर त्यातला एक. सगळ्यांना वाटतं की खरं कसब इथे आहे. मला तसं वाटत नाही. थंड करण्यापेक्षा परत ऊब देण्याचा वेग जास्त महत्त्वाचा. सावकाश ऊब दिली तर येतानाच्या वाटेवर बर्फ होतो.

हे मी पुस्तकातून नाही, एका चुकीतून शिकले. ही पद्धत शिकून वर्षही झालं नव्हतं, नोकरी दुसऱ्या शहरात होती. पट्टी नायट्रोजनमधून उचलली आणि त्याच क्षणी मागून कोणीतरी पेशंटचं नाव विचारलं. मी मान वळवली. दोन सेकंद, फार तर तीन. पट्टी सदतीस अंशांच्या द्रावणात गेली तेव्हा उशीर झाला होता. सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ काळवंडलेला, कडा विस्कटलेल्या. त्या बाईचा तो एकुलता गर्भ होता. संध्याकाळी डॉक्टरांसोबत मी स्वतः तिला सांगायला गेले. तिने मला दोष दिला नाही, फक्त विचारलं, "दुखलं असेल का हो त्याला?" मी नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं, इतक्या लहान गर्भाला मज्जातंतू नसतात. पण तो प्रश्न मी अजून उतरवून ठेवू शकलेले नाही. तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत ऊब देताना कोणी बोलत नाही. नाव आणि नंबर दोघींनी मोठ्याने आधीच वाचायचे, मग दार बंद.

पहिल्या द्रावणात बरोबर एक मिनिट, मग दुसऱ्यात तीन. या वेळी गर्भ सुकलेल्या बोरासारखा सुरकुतलेला असतो. मग तो धुऊन उबवणयंत्रात ठेवायचा आणि वाट पाहायची. दोन-तीन तासांत तो पाणी ओढून पुन्हा टपोरा होतो, आतला पेशींचा झुबका वेगळा दिसू लागतो. हे मी हजारदा तरी पाहिलं असेल, आणि दर वेळी श्वास सुटल्यासारखं वाटतं.

अशा वेळी मला कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी आठवतात. १९७८ साली त्यांनी ५३ दिवस गोठवून ठेवलेला गर्भ नंतरच्या पाळीत सोडला आणि ३ ऑक्टोबरला दुर्गा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी स्वतःला संपवलं. पुढे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. त्या कामातले त्यांचे सहकारी वैज्ञानिक डॉ. आनंदकुमार यांनीच नंतर मुखर्जींची कागदपत्रं वाचली आणि १९९७ मध्ये लिहून जाहीर केलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा मान मुखर्जींचा. स्वतःचं पहिलेपण सोडून खरं सांगणारा माणूस आमच्या क्षेत्रात होऊन गेला, याचा मला अभिमान आहे.

म्हणूनच खरं सांगायला हवं. यशासाठी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बीज काढलं त्या दिवशीचं स्त्रीचं वय, आणि ते कोणाच्याही हातात नसतं. अस्तर खरवडण्यावर २०१९ साली पाच देशांतल्या १,३६४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: खरवडलेल्यांत आणि न खरवडलेल्यांत बाळं झाली ती सारखीच, २६.१ टक्के. अस्तराच्या जनुकीय तपासणीवर २०२२ साली अमेरिकेतला अभ्यास आला: तपासणीनुसार वेळ ठरवलेल्यांत बाळं झाली ५८.५ टक्के, नेहमीच्या वेळेवर सोडलेल्यांत ६१.९ टक्के. ट्रान्स्फर वारंवार फसलेल्यांना स्टेरॉइडनेही फायदा झाला नाही, हे २०२३ मध्ये दिसलं. तरीही हे सगळं विकलं जातं. पाटल्या मोडून विकत घेतलं जातं, याची मला चीड आहे.

निफाडच्या त्या बाईच्या जाड फाइलमध्ये एक जुना एक्स-रे होता. उजव्या गर्भनळीत पाणी झालेलं. ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि गर्भ रुजू देत नाही; अशी नळी काढली किंवा बंद केली की शक्यता वाढते, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. एवढ्या तपासण्यांत तेवढंच राहून गेलं होतं. आमच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून नळी काढली, तीन महिने थांबवलं. सासूबाईंची मिशरीची डबी तीही वापरायची, ती बंद करायला लावली.

ट्रान्स्फरच्या दिवशी मूत्राशय भरलेलं, पोटावर सोनोग्राफी, मऊ कॅथेटर. एकच गर्भ. कॅथेटर परत माझ्या हातात आला, मी तो सूक्ष्मदर्शकाखाली धुऊन पाहिला, आत काही राहिलेलं नव्हतं. "रिकामा," मी म्हणाले. तिने विचारलं, "ताई, उठू का? पडणार नाही ना?" गर्भाशयाच्या आतल्या भिंती घडीच्या पोळीच्या पदरांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, तिथून काही पडत नाही. अंथरुणाला खिळून राहण्याने फायदा होत नाही, हेही तपासून झालेलं आहे. ती उठली, चालत रिक्षापर्यंत गेली.

तो ट्रान्स्फर फसला. पुढचा, चार महिन्यांनी केलेला, रुजला. मुलगी आता आठ महिन्यांची आहे.

तुमच्या घरात कोणी या वाटेवर असेल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. तुमच्या प्रयोगशाळेत ऊब दिल्यावर शंभरातले किती गर्भ टिकतात? आणि ही जास्तीची तपासणी कुठल्या अभ्यासात उपयोगी ठरली? पहिल्या प्रश्नाला आकडा मिळायला हवा, आणि चांगल्या प्रयोगशाळेत तो नव्वदच्या वर असतो.