आजीचे वाचन

माझी आई १९६२ सालच्या माघ महिन्यात गेली. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरे थोडीच. पण समाचाराला सारे गाव लोटले. जो तो म्हणे, "बाळ, रडू नकोस. ती देवाच्या घरी सुखात आहे." आई सुखात आहे याविषयी मला संशय नव्हता, परंतु ती आमच्या घरी नव्हती, हेही खरेच होते. त्या माणसांना मी आज दोष देत नाही. शोकापुढे माणसाला बोलावयास काहीतरी लागतेच. मी मात्र त्यांचा शब्द मोडू नये म्हणून रडणे गिळून टाकले. रात्री चुलीजवळची तिची रिकामी जागा दिसली, की घास घशाखाली उतरत नसे.

आईची आई आमच्याकडेच राहिली. १९०० सालच्या दुष्काळात ती पोरकी झाली व केडगावच्या मुक्तिसदनात, पंडिता रमाबाईंच्या छायेत वाढली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून साध्या मराठीत उतरविलेले बायबल हे तिचे सारे धन. एके रात्री कंदिलाच्या उजेडात तिने बेथानीच्या मार्था व मरीया या बहिणींची कथा वाचली. त्यांच्या भावाला कबरेत ठेवून चार दिवस झाल्यावर येशू तेथे आला, बहिणीचे अश्रू पाहून स्वतःही रडला आणि मग त्याने मेलेल्या लाजराला हाक मारून उठविले.

मी विचारले, "आजी, त्याला उठवायचे हे येशूला ठाऊक होते ना? मग तो रडला कशाला?"

आजीने चष्मा काढला. "ती माणसे रडत होती ना, म्हणून," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने बोलली, "रमाबाईंची मनोरमा १९२१ साली गेली. एकुलती एक लेक. बाईंनी बायबलाचे काम सोडले नाही. पण काम चालू होते म्हणजे दुखत नव्हते, असे का असते, बाळ?"

आईला माती देताना जिच्या डोळ्यांत टिपूस आले नव्हते, ती आजी हुंदके देऊ लागली. मी तिच्या कुशीत शिरलो आणि पोटभर रडलो. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पुनरुत्थानाच्या सणाला आम्ही पहाटेच दफनभूमीत गेलो. आदल्या दिवशी चुना लावलेल्या कबरी अंधारातही उठून दिसत होत्या. आईच्या उशाशी आजीने मोगऱ्याची फुले ठेवली व मेणबत्ती लावली. वाऱ्याने ज्योत हलू लागली. आजीने पदर आडवा धरला, मी हात धरले; आणि उजाडेपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून राहिलो.