सेवा कुणी कुणाची करायची

सेवा हा शब्द आपल्या पोरांना आवडत नाही. आवडू नये असंच त्याचं कूळ आहे. मनूनं शूद्राला एकच काम नेमून दिलं, वरच्या तिघांची सेवा. तीही कुरकुर न करता. महारकी तरी दुसरं काय होतं? सांगावा पोचव, मेलेलं ढोर ओढ, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी माग. त्यामुळं मी दोन वर्षं बिनपगारी सेवेला आफ्रिकेत चाललो हे मांडव्याच्या बौद्धवाडीत कळलं तेव्हा दोस्त हसले. एकजण म्हणाला, "आपल्या बापजाद्यांचं फुकट राबणं कमी पडलं काय रे?"

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर द्यायला मी हे लिहितोय.

मी ख्रिस्ती. आजा नगरकडचा महार. त्यानं मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला. बाप पोटामागं समुद्राकडं आला आणि मांडव्यात एका मुंबईकराच्या बंगल्यावर माळी म्हणून राहिला. बंगल्यामागच्या खोलीत मी वाढलो. भिंतीवर दोन फोटो, एक येशूचा, एक बाबासाहेबांचा. पाळकसाहेब घरी आले की दुसऱ्या फोटोकडं बघून गप्प बसत. आई म्हणायची, एकानं जीव दिला, एकानं अक्कल दिली, दोघांना खिळा सारखाच लागतो.

2017 च्या जानेवारीत एका ख्रिस्ती संस्थेमार्फत मी केनियात किसुमूला गेलो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं शहर. तिथल्या वस्तीतल्या शाळेत गणित शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधायच्या, हे काम. पहिल्याच आठवड्यात काठावर गेलो तर बाया जाळ्यावर बारीक मासळी वाळवत बसलेल्या. ओमेना म्हणतात तिला. वास थेट आपल्या जवळ्याचा. वाटलं, आपण घरीच आहोत.

पण घरी नव्हतो. घरी मला कुणी खुर्ची देत नव्हतं. इथं शाळेत पाय टाकला की पोरं खुर्ची आणत. म्हातारी माणसं उठून उभी राहत. मी त्यांच्यासाठी म्हिंदी होतो, म्हणजे हिंदुस्थानी. आणि तिथं म्हिंदी म्हणजे दुकानाचा मालक, गिरणीचा मालक, गाडीतला माणूस. इंग्रजांनी 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून या सरोवरापर्यंत रेल्वे टाकली ती हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांकडून. त्यातले कैक मेले, बरेच परतले, थोडे राहिले. त्यांच्या मागून व्यापारी आले. आता गोऱ्याच्या खाली आणि काळ्याच्या वर अशी मधली पायरी म्हिंद्याची. माळ्याचा पोरगा विमानातून उतरला तो थेट त्या पायरीवर. गावात ज्याला अंगणाच्या पलीकडं उभं करतात तोच तीन-साडेतीन हजार मैलांवर साहेब होतो. उंची माणसात नसते, उतरंडीत असते, हे पुस्तकात वाचलं होतं. तिथं ते अंगाला कळलं.

आणि उतरंड पुरी असावी म्हणून जातही तिथं हजर होती. एका दुकानात खिळे आणायला गेलो. हिंदुस्थानी माणूस बघून मालक खूश. चहा मागवला. मग हळूच विचारलं, "तमे केवा?" गुजरातीत याचा अर्थ, तुम्ही कुठल्या जातीचे. मी म्हणालो, ख्रिस्ती. तो म्हणाला, ते झालं, त्याच्या आधीचे कोण? मी सांगितलं. चहा आला, मी प्यालो. पुढच्या खेपेला चहा आला नाही. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. त्यात केतकरांचा हवाला देऊन त्यांनी सांगितलं होतं की हिंदू माणूस जगात जिथं जाईल तिथं जातीचा प्रश्न जाईल. 2023 साली अमेरिकेतल्या सिएटल शहराला जातिभेदावर बंदीचा कायदा करावा लागला. किसुमूच्या दुकानात मला तो प्रश्न खिळ्यांच्या पुड्याबरोबर मिळाला.

आता सेवेचं. त्या वर्षी 8 ऑगस्टला केनियात निवडणूक झाली. निकालावरून किसुमू पेटलं. पोलिसांनी वस्त्यांत घुसून मारलं, गोळ्या घातल्या. 1 सप्टेंबरला तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती निवडणूक रद्द केली, ऑक्टोबरात पुन्हा मतदान ठेवलं, तर किसुमूत ते होऊच शकलं नाही. गडबड सुरू झाली तशी संस्थेनं आम्हा परदेशी स्वयंसेवकांना नैरोबीला हलवलं. गाडी आली, आम्ही बसलो. माझ्याबरोबर शिकवणारा तिथला मास्तर रस्त्यावर उभा होता. त्याच्यासाठी गाडी नव्हती, कारण त्याला कुठं जायचंच नव्हतं. ते त्याचं घर होतं. तीन आठवड्यांनी परत आलो तर शाळा चालूच होती. त्यानं आणि वस्तीतल्या दोन बायांनी ती एका पडवीत चालवली होती.

त्या रात्री तो मला म्हणाला, "तुम्ही लोक चांगले आहात. पण तुमच्या खिशात परतीचं तिकीट असतं." आणि मग विचारलं, "तुझ्या गावात हे काम कोण करतं?"

परतीच्या तिकिटावरून मला सिंथिया फरार आठवल्या. 1827 च्या डिसेंबरात अमेरिकन मिशनची ही अविवाहित बाई एकटी मुंबईत उतरली. अशी एकटी बाई परदेशी पाठवायची त्या मिशनची ती पहिलीच वेळ. मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या, आजारी पडून मायदेशी गेल्या, आणि पुन्हा आल्या. 1839 पासून नगरला राहिल्या आणि 1862 मध्ये तिथंच वारल्या. त्यांनी तिकीट फाडून टाकलं असं म्हणायला हरकत नाही. पण नुसतं तेवढ्यासाठी मी त्यांचं नाव घेत नाही. त्यांची मुलींची शाळा जोतिरावांनी पाहिली. सावित्रीबाईंनी त्यांच्याकडं अध्यापनाचं शिक्षण घेतलं. 1848 मध्ये पुण्यात फुल्यांची शाळा निघाली. त्या शाळांत शिकलेली मांगाची चौदा वर्षांची मुक्ता 1855 साली ज्ञानोदयात महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि वेदांवर हक्क सांगणाऱ्यांना रोकडे सवाल टाकते. ज्ञानोदय हे अमेरिकन मिशनचंच पत्र. पण निबंध मिशनरी बाईनं लिहिलेला नाही. मुक्तानं लिहिला.

सेवेची परीक्षा इथं होते. घेणाऱ्याचा हात उलटा होऊन लिहू लागला का, देऊ लागला का, भांडू लागला का? झाला तर ते काम. नाही झाला तर ती भीक, मग ती देवाच्या नावानं दिलेली असो नाहीतर बाबासाहेबांच्या.

बाबासाहेबांनी मिशनचा हिशेब कडक मांडलाय. सरकारनं 1989 साली छापलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात तो आहे. मिशनचा पैसा शाळा-दवाखान्यांत गेला आणि त्याचा फायदा बहुतेक वरच्या जातींनी उचलला. अस्पृश्य ख्रिस्ती झाला पण जात सुटली नाही, आणि ख्रिस्ती झाल्यावर तो अन्यायाविरुद्ध उठला नाही. ख्रिस्ती माणूस म्हणून मला हे वाचून राग येत नाही, कारण आमच्या मंडळीत अजूनही सोयरीक जुळवताना विचारतात, महार ख्रिस्ती की मांग ख्रिस्ती? तिकडं सरकार म्हणतं, तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला जात नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. 2022 साली यावर आयोग नेमला गेला. म्हणजे दुकानदाराला माझी जात दिसते, मंडळीला दिसते, गावाला दिसते. फक्त कायद्याला दिसत नाही. उद्या माझ्यावर अत्याचार झाला तर अॅट्रॉसिटीचं कलमही लागत नाही. दोस्तांनो, तुमचा मोर्चा 1990 ला पोचला. आमचा अजून वाटेत आहे, आणि त्यात तुमचे झेंडे कमी दिसतात.

2018 च्या अखेरीस मी परतलो. मास्तरचा प्रश्न डोक्यात होता. मांडवा तेव्हा बदलत होता. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, आता मुंबईची मोटार बोटीतून थेट आमच्या धक्क्यावर उतरते. जमिनी गेल्या, कुंपणं आली. आणि कुंपणांच्या मागं कातकरी आहे तिथंच आहे. दिवाळी सरली की कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जातं आणि पोरांची शाळा तुटते.

आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही एका कातकरी वाडीवर वर्ग घेतो. मी, आणि बौद्धवाडीतल्या दोन मुली. मंडळीतले वडील विचारतात, तिथं प्रार्थना का घेत नाहीस? बौद्धवाडीतले दोस्त विचारतात, तू त्यांना बाटवणार तर नाहीस ना? दोघांना मी एकच सांगतो, येऊन बसा आणि बघा. दोघंही अजून आले नाहीत.

लांबून शिकायची गरजही नाही. याच अलिबाग तालुक्यात चरी आहे. 1933 साली नारायण नागू पाटलांच्या मागं शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायची नाही म्हणून संप केला आणि सहा-सात वर्षं तो टिकवला. लाकडं विकून जगले पण नांगर घातला नाही. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी राहिले आणि 1937 मध्ये खोती मोडायचं बिल घेऊन असेंब्लीत उभे राहिले. दीर्घ मुदतीची सेवा म्हणतात ती ही. तिला परतीचं तिकीट नव्हतं.

जयंतीला आपण रात्रभर जागतो. वर्षातल्या उरलेल्या रात्रींपैकी शंभर रात्री कुठल्या वाडीवर देणार, ते ठरवा. आणि जिथं जाल तिथं पहिल्या दिवसापासून तिथलाच एक जण शेजारी उभा करा, तुमचा खडू त्याच्या हातात जाईल असा. आमच्या वाडीवरची एक पोरगी आता धाकट्यांना पाढे शिकवते. यंदा ती भट्टीवर जाणार नाही असं तिनं आईबापाला सांगितलंय. ते अजून हो म्हणाले नाहीत.