जांभळी खूण

परवा भाच्याने त्याचं ट्विचचं अकाउंट डिस्कॉर्डला जोडलं. तो नगरला सावेडीत, मी पुण्यात. "मावशी, आता मी लाइव्ह गेलो की तुला आपोआप कळेल." सेटिंग्जमध्ये 'कनेक्शन्स', तिथे ट्विच निवडायचं, ट्विचच्याच पानावर लॉगिन करून परवानगी द्यायची... झालं. खेळ सुरू की नावापाशी जांभळी खूण. प्रोफाइलवर अकाउंट दाखवायचं की नाही, ते आपल्या हातात.

मला आई आठवली. 17 मार्च 2020 ला शिर्डीचं साईमंदिर दर्शनासाठी बंद झालं, ते उघडलं 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला. ते आठ महिने आईने लाइव्ह दर्शनावर काढले. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर लिंक टाकायचं काम याच भाच्याचं. एकदा विचारलं, "प्रत्यक्ष गेल्यासारखं वाटतं का गं?" म्हणाली, "छे! पण आत दिवा आहे, एवढं दिसतं ना."

गेल्या वर्षी भावजी गेले, तेव्हापासून भाचा फारसा बोलत नाही. फोन केला तर "हं, बरंय" एवढंच. त्याचा तो खेळ मला ओ की ठो कळत नाही. पण खूण बघते.

काल रात्री दोन वाजले तरी ती होतीच. मग विझली, आणि मी न राहवून फोन लावला.

"मावशी, तू पण जागीच?"

अर्धा तास बोलला. बाबांबद्दल, पहिल्यांदाच.

खूण नुसती दिसते हो, फोन आपल्यालाच करावा लागतो. असो. झोपते आता.